टाके निघाल्यानंतर

वहिनी, आपलं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते. तुमचं शिक्षण, तुमचा स्वभाव, तुमचं कार्य, हे सगळं तुम्ही गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोकांनी सांगून झालं. तुमच्या सरकारी आरोग्य योजनेचे एक मोठे अधिकारी उभे राहिले आणि म्हणाले, मॅडमनी हजारो गरिबांचे प्राण वाचवले. तुम्ही शेजारी असता तर हळूच म्हणाला असता, "वन्सं, हजारातल्या दहांची नावं विचारा बरं त्यांना." मी काही विचारलं नाही. दादाकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता.

तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही नारायण पेठेतल्या, आम्ही खडकीचे. माझे वडील अकोल्याकडून कारखान्यात नोकरीला आलेले. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं आणि तुमच्या माहेरी सगळ्यांची ये-जा सुरू व्हायला बराच काळ गेला. मला पहिल्यांदा तिकडे नेलंत तेव्हा तुमच्या आईंनी दारातच विचारलं, "चहा घेणार का?" तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "आई, विचारू नकोस, टाक." आणि मला म्हणालात, "आमच्याकडे असं विचारलं की नको म्हणायची पद्धत आहे. तुम्ही ती पाळू नका." मी पाळली नाही. तुमच्या आईंच्या हातचा चहा पुढे मी खूप प्यायले.

मला तुम्ही 'वन्सं' म्हणायचात. आमच्याकडे नणंदेला कुणी तसं म्हणत नाही, पण मला ते आवडायला लागलं. भांडण तापलं की मात्र वन्संची 'सिस्टर' व्हायची. मग मी ओळखायचे, आता डॉक्टरीणबाई बोलतायत.

कात्रजला तुमचा दवाखाना होता. एक खोली, मध्ये पडदा, पुढे दोन बाकं. डेअरीतले कामगार, गॅरेजातली माणसं, मार्केट यार्डात भाजी निवडायला जाणाऱ्या बायका. मी तेव्हा सरकारी रुग्णालयात, हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. त्याच वर्षांत दादानं कारखाना सोडून सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली. पश्चिमेकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्या बांधायला वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडून माणसं येत होती. आमच्या घरात फ्रिज आला, मग गाडी आली. तुमच्या बाकांवर पूर्वी जशी माणसं बसायची तशीच बसत राहिली, फक्त त्यांच्या अंगावर सिमेंट दिसायला लागलं.

मग सरकारची योजना आली. पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड असेल तर मोठी ऑपरेशनं फुकट, खाजगी हॉस्पिटलातसुद्धा. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही भाजी वाढता वाढता म्हणालात, "दवाखाना बंद करतेय."

"का?"

"योजनेच्या ऑफिसात डॉक्टर हवेत. हॉस्पिटलांकडून प्रकरणं येतात, ती तपासून मंजुरी द्यायची."

"म्हणजे पेशंट सोडून कॉम्प्युटर बघणार."

"पेशंट बघून काय झालं?" तुमचा आवाज चढला नव्हता. "छातीला नळी लावली की मला कळतं, हृदयाची झडप गेलीय. मी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिते. चिठ्ठी घेऊन माणूस घरी जातो आणि घरीच राहतो. इतकी वर्षं मी चिठ्ठ्याच लिहिल्यात. जिथं बसून हो म्हणतात, त्या खुर्चीवर जरा बसून बघते."

"आणि नाही म्हणायची वेळ आली तर?"

"तर नाही म्हणेन. डाळ वाढू?"

मला ते पटलं नाही. माझं म्हणणं तेव्हाही साधं होतं आणि आजही तेच आहे. सरकारकडे पैसा असेल तर सरकारनं आपली रुग्णालयं धड चालवावीत. आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन माणसं झोपायची आणि तुमच्या योजनेतून खाजगी हॉस्पिटलांची बिलं जायची. तुम्ही म्हणायचात, "तुमचं रुग्णालय सुधारेपर्यंत झडप थांबत नाही." मी म्हणायचे, "तुम्ही थांबत नाही म्हणूनच ते सुधारत नाही." दादा दोघींच्या मध्ये बसून शांतपणे जेवायचा. त्याला सवय झाली होती.

रेखा आमच्या वॉर्डात आली तो दिवस मला अगदी नीट आठवतो. पंचविशीची, वाशीमकडची. नवरा बाणेरच्या एका इमारतीवर सेंट्रिंगच्या कामाला. वर्षभरापूर्वी एका खाजगी हॉस्पिटलात योजनेतून तिची झडप बदलली होती. आता तिला दोन शब्दही सलग बोलता येत नव्हते, ओठ निळे पडले होते. ऑपरेशन झालं होतं तिथं ती आधी गेली, तिथून तिला सांगण्यात आलं की योजनेतलं काम संपलं, आता सरकारीत जा. आमच्या डॉक्टरांनी तपासलं. नव्या झडपेवर रक्ताची गाठ धरली होती, पाकळी उघडतच नव्हती. अशी झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि दर महिन्याला रक्त तपासून तिचं प्रमाण ठरवावं लागतं. रेखानं गोळी सोडली होती.

गाठ विरघळवणारं सलाईन लावलं आणि मी तुम्हाला ऑफिसात फोन केला. "तुमच्या योजनेची पेशंट आलीय. बघायला या."

तुम्ही ऑफिस सुटल्यावर तशाच आलात, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. तोवर रेखाचा श्वास थोडा मोकळा झाला होता. तुम्ही स्टूल ओढून तिच्याजवळ बसलात.

"गोळी का बंद केलीस?"

रेखा माझ्याकडे बघायला लागली. माझे वडील त्याच भागातले, तिची बोली मला घरची. मी म्हटलं, "सांग वं, घाबरू नको."

"मले बरं वाटत होतं, मॅडम."

"बरं वाटायला लागलं तरी घ्यायची, हे सांगितलं नव्हतं?"

"सांगतलं होतं. आधी घेतली मी. मंग साईट बदलली. तिथल्या दुकानात ती गोळीच नाही भेटत. अन् रक्त तपासाले गेलं की अख्खा दिवस जाते. ह्यायचाबी खाडा, माझाबी खाडा." मग म्हणाली, "ऑपरेशन फुकट होतं. मले वाटलं, झालं आता."

तुम्ही तिची नाडी धरून बसलात. नाडी मी आधीच लिहून ठेवली होती, तुम्हाला ते दिसत होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर तुम्ही म्हणालात, "हिला मीच हो म्हटलं असणार. त्या हॉस्पिटलची हृदयाची प्रकरणं माझ्याकडे येतात." मला राग आलेला होता आणि दिवसभर पाठ टेकलेली नव्हती. मी म्हटलं, "टाके निघाले की तुमच्यासाठी माणूस संपतो का हो, वहिनी?"  जिना उतरून गेलात आणि मला खिडकीतून दिसलं, तुम्ही फाटकापाशी उभ्या होतात. दोन रिक्षा समोर येऊन थांबल्या, तुम्ही बसला नाहीत. तिसरीत बसलात.

रेखा त्या खेपेला वाचली. तुम्ही मात्र त्यानंतर बैठकांच्या मागे लागलात. टाके निघाल्यानंतरच्या गोळ्या आणि तपासण्या योजनेत आल्या पाहिजेत, एवढी एकच गोष्ट. त्यासाठी मुंबईला जायचं, पुण्यात जायचं, कागद वर जायचा, खाली यायचा, साहेब बदलायचे, नव्या साहेबांना झडप म्हणजे काय इथपासून सांगायचं. संध्याकाळी मी विचारायचे, "काय झालं आज?" तुम्ही म्हणायचात, "बिस्किटं बदलली." एकदा म्हणालात, "आज एकजण मला म्हणाले, मॅडम, ऑपरेशनचा फोटो काढता येतो, गोळीचा काय काढणार?" तुम्ही हसत हसत सांगितलंत, पण त्या दिवशी जेवला नाहीत.

आणि मग एका संध्याकाळी जिलबी घेऊन आलात. मंजूर झालं होतं. झडप बदललेल्या पेशंटला वर्षभर गोळ्या आणि तपासण्या योजनेतून. दादानं तुमचा हात हातात घेतला. मी विचारलं, "आणि वर्ष संपल्यावर? झडप परत करायची का?"

"सिस्टर, जिलबी खा."

"खाते. पण सांगा तरी."

"तुमच्या रुग्णालयाच्या खिडकीवर ही गोळी मिळते का?"

"मिळायला हवी."

"मिळते का, असं विचारलं मी."

"नाही मिळत. पैसा तुमच्या योजनेकडे वळलाय."

"योजना नव्हती तेव्हा मिळत होती?"

 मी दुसऱ्या बाजूनं आले. "तुमच्या रेखानं गावाकडे मुक्काम हलवला तर ती महिन्याला रक्त कुठे तपासणार? तालुक्याला तुमचं कुठलं हॉस्पिटल आहे?"  दादानं जिलबीची थाळी उचलून आत नेली. थोड्या वेळानं तुम्ही ती परत आणलीत, आणि गार झालेली जिलबी आपण दोघींनी मिळून संपवली. 

पंधरा दिवसांनी तुमचा फोन आला. "रविवारी सुट्टी आहे ना? कात्रजला या. खोली झाडायचीय." ती खोली तुम्ही विकली नव्हतीत हे मला माहीत होतं, पण का विकली नाहीत हे मी कधी विचारलं नव्हतं. बाकं पुसली, जळमटं काढली. बोटातल्या थेंबावर रक्त तपासणारं एक छोटं यंत्र तुम्ही आणलं होतंत. ज्यांच्या ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं त्यांनी रविवारी यायचं, म्हणजे कुणाचा खाडा नको. मी बोट टोचायचं, तुम्ही गोळीचं प्रमाण सांगायचं. यंत्राच्या पट्ट्यांचा खर्च दादाच्या ऑफिसातली मंडळी वाटून घेत होती. "हे तात्पुरतं आहे," तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. "ह्याला समाजकार्य वगैरे म्हणायचं नाही. हे सरकारचं काम आहे, आपण ते फक्त सांडू देत नाही आहोत."

रेखा पहिल्या रविवारपासून येत होती. तोवर ती नवऱ्याबरोबर कात्रजलाच राहायला आली होती. आयटीतल्या मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. तुम्ही तिला प्रत्येक वेळी दटावायचात. पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो, म्हणून मेथी खाल्लीस का, पालक किती, दुसरं कुठलं औषध घेतलंस का. ती मला हळूच म्हणायची, "मॅडम लई बोलतात, पण त्यायनंच वाचवलं मले." मी तिला कधी सांगितलं नाही की दुसऱ्या खेपेला तिला आमच्या रुग्णालयानं वाचवलं. पण माझ्या मनात यायचं.

तुमचं दुखणं फार लवकर आटोपलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. रिपोर्ट तुम्ही स्वतःच वाचलात आणि दादाला म्हणालात, "फार धावपळ करू नकोस." दादाच्या कंपनीचा विमा होता म्हणून तुम्हाला चांगल्या हॉस्पिटलात एकटीची खोली मिळाली, खिडकीतून झाडं दिसत होती. घरी सोडायचं ठरलं त्या दिवशी सकाळपासून आपण तिघं कपडे करून बसलो होतो. बिल विमा कंपनीकडे गेलेलं, मंजुरी येत नव्हती. दुपार कलली. तुम्ही उशीला टेकून म्हणालात, "हो म्हणणारा जेवायला गेला असेल." मग म्हणालात, "मीही लोकांना असंच ताटकळत ठेवलं असणार, नाही?"

त्या क्षणी कुणीही म्हणालं असतं, छे, तुम्ही कसल्या. मी म्हटलं, "हो. ठेवलंत." तुम्ही इतक्या हसलात की पोट धरावं लागलं. दादा माझ्यावर चिडला. पण वहिनी, तुम्ही त्या आजारात तेवढंच एकदा मनापासून हसलात, आणि ते माझ्यामुळे, ह्याचं मला समाधान आहे.

पुण्यानुमोदन संपल्यावर लोक पांगत होते तेव्हा तुमच्या ऑफिसातला एक तरुण डॉक्टर, समीर, माझ्याकडे आला. "तुम्हीच का आमच्या वन्सं?" त्यानं विचारलं. मला काही कळेना. तो म्हणाला, ऑफिसात सगळे माझा उल्लेख वन्सं असाच करतात. प्रत्येक बैठकीत तुम्ही सुरुवात अशी करायचात, "आमच्या वन्सं विचारतात, टाके निघाले की माणूस संपतो का? त्यांना काय उत्तर देऊ, ते तुम्ही मला लिहून द्या." तो म्हणाला, "मॅडमनी जन्मभराची गोळी मागितली होती. पलीकडून तीन महिने म्हणत होते. मॅडम वर्षावर आल्या तेव्हा गाडीत बसून रडल्या. म्हणाल्या, आता घरी जाऊन वन्संना काय सांगू?"

म्हणजे जिलबी त्याच दिवशी घेतली असणार.

वहिनी, हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? मी समोर बसून तुम्हाला विचारत होते की वर्ष संपल्यावर काय, आणि तुम्ही तोच प्रश्न दिवसभर त्यांना विचारून आला होतात. एवढं एक वाक्य बोलला असता तर मी गप्प बसले असते. आता वाटतं, म्हणूनच बोलला नसाल. मी गप्प बसले असते तर पुढच्या बैठकीत विचारायला तुम्हाला काय उरलं असतं? हा माझा अंदाज. चुकत असेन तर सांगायला तुम्ही नाही आहात.

त्यानंतरच्या रविवारी मी खोली उघडली. दादा आला होता, त्यानं बाकं मांडली. जे येत होते त्यांना मी तुमच्याबद्दल सांगत होते. कुणी डोळे पुसले, कुणी नमस्कार केला, आणि मग प्रत्येकानं बोट पुढे केलं. रेखा सगळ्यांत शेवटी आली. तिला कुणाकडून कळलं नव्हतं. मी सांगितल्यावर ती बाकावर खाली बसली. मग म्हणाली, "मी मॅडमले इचाराले आली होती."

"काय?"

"माही पाळी चुकली, सिस्टर."

वहिनी, तुम्ही तिला बजावून ठेवलं होतंत, मूल हवं वाटलं तर आधी मला विचारायचं. ती विचारायलाच आली होती, थोडी उशिरा. ही गोळी सुरुवातीच्या महिन्यांत पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. गोळी थांबवली तर झडपेवर पुन्हा गाठ धरते. म्हणून त्या आठवड्यांत गोळीऐवजी पोटावर इंजेक्शनं घ्यायची, दिवसातून दोनदा, सतत तपासण्या करत. महाग असतात ती. ते योजनेतल्या त्या वर्षात बसत नव्हतं, आणि तिचं वर्ष तर केव्हाच संपलं होतं. मी फोन हातात घेतला आणि तुमचा नंबर काढला. दादा समोर उभा होता, त्यानं बघितलं. मी फोन खाली ठेवला.

सोमवारी मी रेखाला घेऊन आमच्या रुग्णालयात गेले. हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या, दोन्ही डॉक्टरांना एका टेबलापाशी बसवलं. त्यांनी रेखाला आणि तिच्या नवऱ्याला धोका स्पष्ट सांगितला, आईचाही आणि बाळाचाही. नवरा म्हणाला, "हिला काही होऊ नये, बाकी ती म्हणंल तसं." रेखा म्हणाली, "मले पाहिजे." तिथंच तिला दाखल केलं. भांडारात इंजेक्शनं होती, पण थोडेच दिवस पुरतील इतकी. तेव्हा मी समीरला फोन केला. तो म्हणाला, "सिस्टर, असं कलमच नाही." मी म्हटलं, "मग कुठलं आहे ते वाचा." त्यानं वाचायला घेतलं, मी फोन धरून उभी राहिले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, झडपेच्या गुंतागुंतीसाठी भरती झाली तर मंजुरी देता येते, आणि सरकारी रुग्णालयही योजनेत आहेच. काही खोटं लिहायची गरज नाही. तुमच्या योजनेतून आमच्या रुग्णालयाला पैसे मिळाले आणि आमच्या खिडकीवरून रेखाला इंजेक्शन मिळालं. आपल्यापैकी कोण बरोबर होतं, ते ह्यावरून मला तरी ठरवता आलं नाही. रेखासारख्या दुसरीला हे सगळं कोण करून देणार, हाही प्रश्न उरतोच. समीरला मी तो विचारलाय. तो लिहून घेत होता.

पुढे काय होईल मला माहीत नाही. अजून बरेच महिने जायचे आहेत, आणि अशा बायकांचं काय काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. त्यामुळे मी रेखाला फार धीर देत नाही आणि घाबरवतही नाही.

काल तिची सोनोग्राफी होती. मी ड्युटी संपवून तिच्याबरोबर गेले. खोलीत पंखा बंद होता. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं आणि यंत्राचा आवाज थोडा वेळ मोठा केला. बाळाचे ठोके फार जलद असतात, तसेच होते. रेखानं डोळे मिटून घेतले. आवाज बंद केल्यावर खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेत मला तिच्या छातीतली झडप ऐकू आली. धातूची झडप वाजते वहिनी, तुम्हाला माहीतच आहे, घड्याळासारखी बारीक. इतकी वर्षं मी तिचं बोट टोचत होते, पण गर्दीत तो आवाज कधी माझ्या कानावर पडला नव्हता.

ती झडप बसवायला तुम्ही हो म्हटलं होतंत. पेशंट न बघता, ऑफिसात बसून.